जॉन बोटीसाठी विजेची मोटर आणि बॅटरी निवडताना

न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत हॉवेलजवळ मनास्क्वान जलाशय आहे. १९९० पासून आसपासच्या गावांना पाणी पुरवणाऱ्या या ७७० एकरांच्या साठ्यावर पेट्रोलचे इंजिन चालवता येत नाही. वल्ही मारावीत किंवा विजेची मोटर लावावी, एवढेच दोन मार्ग आहेत. वॉरन काउंटीतल्या ६५० एकरांच्या मेरिल क्रीक जलाशयाचा नियमही हाच आहे. माझी बहुतेक मासेमारी या दोन पाण्यांवर होते. गेल्या काही वर्षांत इथल्या मराठी मंडळींपैकी चार-पाच जणांनी होडी घेण्याआधी मला मोटर आणि बॅटरीबद्दल विचारले. दर वेळी फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळे सलग लिहून काढावे, असे ठरवले.

ट्रोलिंग म्हणजे होडी हळू चालवत मागे गळ ओढत नेणे. त्यासाठी लागणारी मंद आणि जवळजवळ निःशब्द चाल देणारी म्हणून या मोटरला ट्रोलिंग मोटर हे नाव पडले. अमेरिकेत या मोटरबद्दल जे लिहिले-बोलले जाते, त्यात होडीच्या मागे शंभर-दीडशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे असे बहुतेक वेळा गृहीत धरलेले असते. मोटरचे काम मासे असलेल्या जागी पोहोचल्यावर सुरू होते आणि बॅटरी संपली तर माणूस इंजिन सुरू करून घरी येतो. आमच्या जलाशयांवर तसे नाही. तिथे ती मोटर हेच एकमेव इंजिन असते. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न वाऱ्याचा आहे: दुपारी वारा उठल्यावर, भरलेली होडी घेऊन, सर्वांत दूरच्या कोपऱ्यातून धक्क्यापर्यंत परत यायला किती वीज लागेल? या प्रश्नाचे उत्तर आधी काढावे, त्यातून बॅटरी ठरवावी आणि त्या बॅटरीला पोसता येईल अशी मोटर घ्यावी. दुकानात हा क्रम नेमका उलटा चालतो.

हे मला पहिल्याच वर्षी कळले. मी चौदा फुटी, सपाट तळाची ॲल्युमिनियमची जुनी जॉन बोट विकत घेतली होती. तिच्यावर ५५ पौंड थ्रस्टची (थ्रस्ट म्हणजे मोटरचा होडीला ढकलण्याचा जोर), पाच वेगांची साधी मोटर लावली आणि दुकानदाराने सुचवलेली ‘मरीन’ बॅटरी बसवली. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी आणि माझे मेहुणे पहाटेच निघालो. पाणी शांत होते, हलका वारा पाठीशी होता आणि आम्ही गप्पा मारत जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. दोन चांगले बास मासे मिळाले. अकराच्या सुमारास वायव्येचा वारा उठला आणि पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले. मी मोटर पाचव्या वेगावर टाकून होडीचे तोंड धक्क्याकडे वळवले. डाव्या हाताला पाण्यात मेलेल्या झाडाचा एक करडा बुंधा उभा होता. दहा मिनिटांनी मान वळवून पाहिले, तर तो बुंधा अजून डाव्या हातालाच होता. एव्हाना मोटरचा आवाज बारीक गुणगुणण्यापासून जड घरघरीपर्यंत उतरला होता. बॅटरीच्या टोकांवरच्या पकडींना हात लावला तर त्या गरम लागल्या. पुढच्या काही मिनिटांत पंखा नुसता फिरत राहिला आणि होडी मागे सरकू लागली. मेहुण्यांनी वल्ही घेतली, आम्ही कसेबसे काठ गाठला आणि काठाकाठाने दोरीने होडी ओढत जवळजवळ तीन तासांनी धक्क्यावर आलो.

घरी येऊन बॅटरीचे लेबल नीट वाचले. त्यावर इंजिन सुरू करण्याच्या क्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरांत होता, अँपिअर-तासांचा आकडा मात्र कुठेच नव्हता. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या जास्त संख्येने असतात, कारण तिला काही सेकंदांसाठी प्रचंड प्रवाह द्यायचा असतो. तासन्‌तास वीज देणाऱ्या डीप सायकल बॅटरीत पट्ट्या जाड असतात आणि खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरली जाणे त्या सोसतात. दोन्ही कामे करते म्हणून विकली जाणारी बॅटरी यांतले एकही काम पूर्ण करत नाही. ज्या बॅटरीवर अँपिअर-तास लिहिलेले नाहीत, ती मोटरसाठी घेऊ नये.

लिहिलेले असले तरी तो आकडा कसा मोजला आहे, हे समजून घ्यावे लागते. शिसे-आम्लाच्या बॅटरीवरचे १०० अँपिअर-तास सहसा वीस तासांच्या हिशेबाने दिलेले असतात, म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह २० तास. माझी ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगावर ५० अँपिअरच्या आसपास घेते. सरळ भागाकाराने दोन तास यायला हवेत, पण येत नाहीत. प्रवाह जितका जास्त ओढावा तितकी अशा बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता घटते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये या घटीचा नियम मांडला. चांगल्या डीप सायकल बॅटरीसाठी तो लावला, तर ५० अँपिअरवर पूर्ण रिकामी होईपर्यंत साधारण सव्वा तास मिळतो. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणजे हातात राहतात पस्तीस-चाळीस मिनिटे. लेबलवरच्या शंभराचा वाऱ्याविरुद्धचा अर्थ एवढाच आहे. त्या दिवशी आमच्या होडीत तर याहून लहान बॅटरी होती.

आता थ्रस्टबद्दल. दर १०० पौंड वजनाला २ पौंड थ्रस्ट, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. माझ्या होडीचे वजन सुमारे २५० पौंड, आम्ही दोघे ३४०, बाकी बॅटरी, मोटर, नांगर आणि सामान धरून एकूण ७५० पौंडांच्या आसपास होते. ठोकताळ्याने १५ पौंड थ्रस्ट पुरायला हवा, म्हणूनच ३० पौंडांची मोटर ‘दुप्पट’ म्हणून विकली जाते. शांत पाण्यात ती चालेलही. पण या ठोकताळ्यात वारा कुठेच नाही, आणि जॉन बोटीच्या उभ्या बाजू व त्यांवर बसलेली दोन माणसे वाऱ्याला चांगलीच अडवतात. एकमेव इंजिन म्हणून वापरायची असेल, तर चौदा फुटी होडीला ५५ पौंडांपेक्षा कमी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या १२ व्होल्टच्या मोटरींची मजल साधारण तिथेच संपते. ७० आणि ८० पौंडांच्या मोटरींना २४ व्होल्ट, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या दोन बॅटऱ्या लागतात. ११२ पौंडांना ३६ व्होल्ट लागतात. सोळा-सतरा फुटांच्या खोल तळाच्या जड होडीला २४ व्होल्टच घ्यावेत. अशा जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात.

जास्त थ्रस्ट घेतला म्हणजे होडी त्याच प्रमाणात वेगाने धावेल, हा समज मात्र काढून टाकावा. अशा होडीचा पाणी कापत जाण्याचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो आणि मोटरचा पंखाही मंद चालीसाठीच बेतलेला असतो. १२ व्होल्ट गुणिले ५० अँपिअर म्हणजे ६०० वॅट. एका अश्वशक्तीला ७४६ वॅट लागतात. बॅटरीतून निघणारी ताकदच एका अश्वशक्तीपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यातली काही मोटर व पंख्यातच खर्ची पडते. जादा थ्रस्टचा खरा उपयोग वाऱ्यात होडीला आपल्या दिशेवर टिकवून धरण्यासाठी होतो.

दुसऱ्या वर्षी मी ३१ गटाची (हा बॅटरीच्या आकाराचा क्रमांक) एजीएम, म्हणजे काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून धरलेली शिशाची बंद बॅटरी घेतली. ती चांगली होती, सांडत नव्हती, तिला पाणी घालावे लागत नव्हते. पण तिचे वजन ७० पौंडांच्या जवळ होते, आणि तळघरातून गाडीपर्यंत व गाडीतून होडीपर्यंत ती नेता-नेता माझ्या कमरेने तक्रार सुरू केली. तीन वर्षांनी तिची जागा १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने घेतली. ही साधारण २५ पौंडांची असते, एका हाताने उचलता येते. तिच्यातली ८० टक्के वीज बिनधास्त वापरता येते आणि ५० अँपिअर ओढले तरी तिची क्षमता फारशी घटत नाही. ज्या वाऱ्यात एजीएम पस्तीस-चाळीस मिनिटे देत होती, त्यात ही दीड तासाहून अधिक देते. किंमत जास्त आहे, पण मिळणाऱ्या मिनिटांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने मला ती स्वस्त वाटते. ज्यांना वर्षातून चार-पाच वेळाच पाण्यावर जायचे आहे आणि काठाजवळच राहायचे आहे, त्यांनी मात्र शिशाची डीप सायकल बॅटरी घ्यायला काहीच हरकत नाही.

लिथियम घेताना काही गोष्टी तपासाव्या लागतात. बॅटरीच्या पोटात प्रवाह आणि तापमान यांवर नजर ठेवणारे एक परिपथ असते, त्याला बीएमएस म्हणतात. ते सलग किती अँपिअर देऊ देते, हे लेबलवर पाहावे. १०० अँपिअरचे असेल तर ५५ पौंडांच्या मोटरला निर्धास्त चालते. ५० अँपिअरचे असेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी ते मोटरच बंद करील. दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट करायचे असतील, तर त्या बीएमएसला ते चालते का, हेही बघून घ्यावे. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात बिनउबेच्या गॅरेजमध्ये हे सहज घडू शकते. तिला स्वतःचा चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीच्या चार्जरवरची पट्ट्या साफ करण्याची जादा व्होल्टची पद्धत तिला घातक ठरते. आणखी एक बाब मोटरच्या बाजूने आहे. लिथियमचा व्होल्टेज शिशापेक्षा जरा जास्त असतो आणि शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो. म्हणून मिन कोटा ही कंपनी आपल्या मोटरी लिथियमवर ८५ टक्क्यांहून अधिक वेगाने फार वेळ चालवू नका, असे सांगते.

हा सपाट व्होल्टेज सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. शिशाची बॅटरी संपत आल्याचे आधी कळते. विश्रांतीत १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, हे मीटरवर दिसते आणि आवाजही हळूहळू बसत जातो. लिथियमची बॅटरी पूर्ण जोमाने चालता-चालता एका क्षणी बंद पडते. तिच्यासाठी व्होल्टमीटर उपयोगाचा नाही. ऋण तारेत शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोधक, बसवून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजणारा मीटर घ्यावा. माझा मीटर मोठ्या मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढा आहे. त्यावर उरलेली टक्केवारी आणि त्या क्षणाचा प्रवाह दोन्ही दिसतात. माझ्या सगळ्या सामानात मला याच वस्तूने सर्वांत जास्त शिकवले.

त्याच मीटरवर मला वेग आणि विजेचे नाते दिसले. आधीची पाच वेगांची मोटर काढून मी मुठीने हवा तेवढा वेग देणारी मोटर घेतली होती. पहिलीत कमी वेगासाठी तारेच्या वेटोळ्यांतून वीज जिरवली जाते आणि तिची उष्णता पाण्यात जाते. दुसरीत वीज क्षणाक्षणाला चालू-बंद करून लागेल तेवढीच दिली जाते. या मोटरवर शांत पाण्यात पूर्ण मूठ पिळली की ताशी ३.६ मैल वेग येतो आणि मीटर ४८ अँपिअर दाखवतो. ताशी २ मैलांवर आणली की ११ अँपिअर. हिशेब केला, तर ८० अँपिअर-तासांत जोरात सहा मैल आणि सावकाश साडेचौदा मैल. जाताना घाई करणारा माणूस येतानाची वीज खर्च करत असतो, हे मला त्या आकड्यांनी पटवले.

माझे आजोबा देवगडच्या खाडीत होडी घालत. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी खारे वारे सुरू झाले की त्यांना पाठीशी घेऊन परतायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. “वारो बघल्याशिवाय होडी सोडू नको,” असे ते मला सांगत. जलाशयावर वाऱ्याचे वेळापत्रक तितके पक्के नसते, पण हिशेब तोच लागू पडतो. मी सकाळी दुपारचा अंदाज बघतो, वारा ज्या दिशेकडून येणार त्या दिशेला आधी जातो आणि परतताना तो पाठीशी राहील अशी वाट धरतो. मीटरवर निम्मी वीज उरली की मासे लागत असले तरी होडी वळवतो. दोन वल्ही, अंगात लाइफ जॅकेट आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, यांशिवाय धक्का सोडत नाही.

तारांकडे लोक फारच कमी लक्ष देतात. मोटर मागे, मी मागे आणि बॅटरीही मागे, अशा मांडणीत माझ्या होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यातून वर उचलली जायची आणि वारा तिला पकडून फिरवायचा. म्हणून मी बॅटरी पुढे नेली. त्यासाठी जाण्या-येण्याची मिळून वीस फूट तार लागली. सुरुवातीला घरात पडलेली १० गेजची तार वापरली (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). मोटर पूर्ण वेगावर असताना तिच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ एक व्होल्टची घट मोजली, आणि तारेचे आवरण हाताला मऊ लागत होते. ६ गेजची तार घातल्यावर ही घट ०.४ व्होल्टवर आली. तांब्याची, कल्हई केलेली, मरीन दर्जाची तार घ्यावी आणि टोके दाबयंत्राने घट्ट दाबून घ्यावीत. बॅटरीला शक्य तितक्या जवळ धन तारेत ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर असायलाच हवा. पंखा वेलींत अडकला की प्रवाह एकदम चढतो, आणि ब्रेकर नसेल तर तार पेटू शकते. बॅटरी झाकणाच्या पेटीत पट्ट्याने आवळून ठेवावी.

मोटर पाण्यात धरणाऱ्या दांड्याच्या लांबीचे गणित सोपे आहे. पंख्याचे वरचे पाते पाण्याखाली किमान नऊ इंच राहिले पाहिजे, नाहीतर लाटेत तो हवा ओढतो आणि नुसता खळखळतो. माझ्या ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, ३६ इंची दांडा बरोबर बसला. मोटर नाळेवर लावायची असेल, तर पाण्यापासूनची उंची आणि लाटेत नाळ वर उचलली जाणे या दोन्हींसाठी जास्त लांब दांडा घ्यावा लागतो.

मागे लावावी की नाळेवर, याबद्दल बरेच वाद ऐकले आहेत. नाळेवरची मोटर होडीला ढकलण्याऐवजी ओढते, त्यामुळे वाऱ्यात दिशा छान टिकते. जीपीएसच्या मदतीने होडी एका जागी धरून ठेवणाऱ्या मोटरी आता मिळतात, आणि एकट्याने मासेमारी करणाऱ्याला त्यांचा मोठा आधार वाटतो. पण एकाच जागी टिकून राहण्यासाठीही वीज लागतेच, आणि वारा असला की बरीच लागते. पैसे मोजके असतील तर आधी बॅटरी, मग मीटर आणि तार, मग चांगली साधी मोटर, आणि जीपीएस सर्वांत शेवटी, अशा क्रमाने खर्च करावा. विजेची मोटर लावली की न्यू जर्सीत होडीची नोंदणी करावी लागते, तो खर्चही धरून चालावे.

कोकणातल्या खाडीसाठी हे चालेल का, असे गावाकडून एकाने विचारले होते. हिशेब तोच, पण खाऱ्या पाण्यासाठी वेगळा थर दिलेली आणि जस्ताचा तुकडा बसवलेली मोटर घ्यावी लागेल. दर फेरीनंतर ती गोड्या पाण्याने धुवावी लागेल. शिवाय ओहोटीची ओढ वाऱ्याच्या हिशेबात मिळवावी लागेल.

हंगामात दर तीन-चार फेऱ्यांनंतर पंख्याचे नट सोडवून तो बाहेर काढावा. गळाची सुटलेली नायलॉनची दोरी पंख्यामागे त्याच्या आसाभोवती गुंडाळली जाते. बाहेरून ती अजिबात दिसत नाही, पण आतल्या सीलला कापते, आणि एकदा सील गेले की पाणी थेट मोटरमध्ये शिरते. गेल्या जूनमध्ये मी काढलेली गुंडाळी केसासारखी बारीक आणि हातभर लांब होती. ती काढल्यावर पंखा आसाला जोडणारी आडवी पिन वाकलेली नाही ना, हे पाहावे आणि पंखा परत बसवावा. डिसेंबरात होडी उलटी ठेवली की मी लिथियमची बॅटरी निम्मी भरलेली ठेवून तळघरात नेतो. शिशाची असेल तर ती पूर्ण भरून ठेवावी. मार्चअखेर लिथियमच्या बॅटरीला १० अँपिअरच्या चार्जरवर लावतो. निम्मी बॅटरी भरायला साधारण पाच तास लागतात, तेवढ्यात तारांची टोके घासून स्वच्छ होतात.